मनगट कोणी बांधले?

(धर्माबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यान म्हणजे गेलेल्या माणसाचे स्मरण. ते स्मरण जिवंतांच्या उपयोगी पडावे, म्हणून आज मी एक साधा आणि निकडीचा विषय घेतला आहे. जखम झाली, रक्त वाहते आहे, चेहरा फुटला आहे किंवा मान कापली आहे, आणि डॉक्टर अजून दूर आहे. मधल्या त्या मिनिटांत काय करायचे, याबद्दल मला आज बोलायचे आहे.

१७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात आपल्या मुलखातली एक हकिगत छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला. तिथे त्याचे नाक कापले गेले आणि एक हात तोडला गेला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि वर्षाहून अधिक काळ बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. त्याने आधी मेणाचे नाक घडवले, ते कपाळावर चपटे पसरून त्याची रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमधला एक चिंचोळा पट्टा मात्र त्याने जोडलेला ठेवला, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहावा. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली आणि वरून पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या चिकटवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोडपट्टा कापला. थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. ती हकिगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची वाट या नाकावरून गेली, असे आज जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले जाते.

या हकिगतीत मासिकाचे नाव आहे, डॉक्टरांची नावे आहेत, चित्रकाराचे आहे, कावसजीचेही आहे. त्या कारागिराचे नाव नाही, पण निदान त्याच्या कामाचे वर्णन आहे. आणखी एका माणसाचा मात्र उल्लेखसुद्धा नाही. कावसजीचा हात तोडला गेला तेव्हा मनगटापाशी दोन धमन्या उघड्या पडल्या असणार. त्या वेळी कोणी ना कोणी त्यावर फडके दाबले असेल, घट्ट बांधले असेल. तसे झाले नसते तर नवे नाक बसवायला माणूसच उरला नसता. ते मनगट कोणी बांधले? सोबतचा कैदी? एखादा शिपाई? इतिहासाने त्याची नोंद ठेवली नाही. आजचे व्याख्यान मी त्या अनाम हातासाठी देतो आहे, कारण धर्माबादला त्या हाताची गरज आजही तितकीच आहे.

आपल्या गावाचा भूगोल डोळ्यांसमोर आणा. इथून नांदेडच्या विष्णुपुरीतले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. बासरवरून निजामाबाद त्याहून जवळ, पण तेही घरापाशी नाही. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात ९३७ गाड्या होत्या आणि त्यांतल्या २३३ गाड्यांत प्रगत उपचारांची सोय होती. ही मोठी सोय आहे, तिचा उपयोग करायलाच हवा. फोन करताना गाव, तालुका, जिल्हा आणि ओळखू येईल अशी खूण स्पष्ट सांगा. सीमेवरच्या गावाने तर राज्याचे नावही सांगावे. पण गाडी किती जरी वेगाने आली, तरी तिला रस्ता कापावाच लागतो. मांडीतली मोठी धमनी किंवा मानेतली मुख्य धमनी पूर्ण उघडी पडली, तर माणसाच्या हाती काही मिनिटेच असतात. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे चार लिटर रक्त असते. त्यातले ४० टक्के गेले की जीव जाण्याची वेळ येते, म्हणजे दीड लिटरच्या थोडे वर. ही मिनिटे शेजाऱ्याची, सोबत्याची, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, तेव्हा ढिगाऱ्यातून पहिली माणसे बाहेर काढली ती वाचलेल्या गावकऱ्यांनी. लष्कर आणि डॉक्टर त्यानंतर पोहोचले. मोठ्या आपत्तीत जे घडले, तेच मोंढ्यातल्या एका छोट्या अपघातातही घडते.

या मिनिटांत आपला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपले डोळे. रक्त जिथे जास्त दिसते तिथेच धोका जास्त, असे आपण धरून चालतो. डोके फुटले की डोक्याच्या कातडीतून भळाभळा रक्त येते, अंगावरचा सदरा भिजतो, बघणाऱ्याला भोवळ येते. पण हे रक्त बहुतेक वेळा नुसत्या दाबाने थांबते. उलट मानेवर दोन बोटांएवढी चीर असते, फारसे काही दिसत नाही, आणि आत मोठी शीर कापलेली असते. चेहरा चेंगरला की सगळे लोक चेहऱ्याकडे बघतात. त्या वेळी तो माणूस आपल्याच रक्तात आणि तुटलेल्या दातांत गुदमरत असतो. म्हणून आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एकच आहे: डोळ्यांना जे भयंकर दिसते त्याच्यामागे धावू नका. रक्त कुठून येते आणि श्वास चालतो की नाही, या दोनच प्रश्नांची उत्तरे शोधा, आणि मग हात कामाला लावा.

हाताचे काम दाबायचे. शेतात ठिबकची नळी फुटली तर आपण पाण्याच्या थारोळ्यावर हात ठेवत नाही, भोक शोधून त्यावर अंगठा दाबतो. जखमेतही तेच करायचे. स्वच्छ दस्ती, पदर, ओढणी, जे मिळेल त्याची घडी करा, रक्त जिथून येते नेमक्या त्या जागी ठेवा आणि तळहाताने शरीराचा भार टाकून दाबा. घड्याळ बघून दहा मिनिटे दाबा. मधे उचलून बघू नका. आपल्याकडे सगळ्यात जास्त रक्त याच एका सवयीने वाया जाते. दोन मिनिटांनी कोणीतरी म्हणतो, ‘बघू दे बरं, थांबलं का’, फडके उचलले जाते आणि नुकतीच धरलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते. फडके भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवा, आणि आपला दाब योग्य जागी आहे का ते तपासा. जखम खोल असेल, विशेषतः काखेत किंवा जांघेत, तर कापडाची पट्टी बोटाने तळापर्यंत भरत न्या आणि मग वरून दाबा. छातीत आणि पोटात मात्र काही भरू नका. जखमेत काच, सळई, लाकूड रुतलेले असेल तर ते उपसू नका. तीच वस्तू आतल्या शिरेला बूच घालून बसलेली असू शकते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि ती हलणार नाही अशी बांधा.

हात किंवा पाय कोयत्याने तुटला, मळणी यंत्रात गेला, चाकाखाली आला, चिळकांडी उडते आहे आणि दाबून थांबत नाही, तेव्हाच वरून आवळपट्टी बांधायची. ती किमान दोन-तीन बोटे रुंद असावी. तार, सुतळी, बुटाची नाडी चालत नाही. ती मांस आणि नस कापते. जखमेच्या चार बोटे वर, कोपर आणि गुडघा सोडून बांधा, गाठीत काडी घालून पीळ द्या आणि रक्त थांबेपर्यंत पिळा. दुखेल, दुखले तरी थांबू नका. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा. मग ती डॉक्टरच सोडतील. ‘थोडी ढिली करून रक्त फिरू द्यावे’ हा जुना सल्ला विसरा; प्रत्येक वेळी ढिली करताना अंगातले रक्त आणखी कमी होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांतल्या अनुभवाने आवळपट्टीबद्दलची वैद्यकातली जुनी भीती मोडली. अमेरिकेत २०१५ पासून सामान्य नागरिकांना रक्त थांबवायला शिकवण्याची मोहीम चालू आहे. शिक्षक, वाहनचालक, दुकानदार हे काम नीट करू शकतात, हे तिथे दिसून आले आहे.

आता मान. मानेभोवती काहीही आवळून बांधायचे नाही, हा नियम लहान मुलांनाही पाठ हवा. मानेत श्वासनळी आहे, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आहेत. रक्त येते त्याच जागी, त्याच बाजूला, दोन-तीन बोटांनी किंवा तळहाताच्या टाचेने दाबा. दोन्ही बाजू एकदम दाबू नका. मानेतली मोठी शीर उघडी पडली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तीही जीव घेऊ शकते. म्हणून जखम सतत झाकलेली ठेवा. श्वास व्यवस्थित असेल तर माणसाला आडवे करा. तोंडात रक्त येऊन तो गुदमरत असेल तर पुढे वाकवून बसवा. तो बेशुद्ध होत असेल तर मान न वळवता सगळे अंग एकदम कुशीवर करा. दाबणाऱ्याने हात काढायचा तो दवाखान्यात डॉक्टरचा हात आल्यावरच.

आपल्या भागात मान कापण्याची दोन कारणे आपण स्वतः तयार करतो. पहिले नायलॉनचा मांजा. सुती दोरा अडकला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, दुचाकीच्या वेगाने तो गळ्यात सुरीसारखा जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी या मांजावर देशभर बंदी घातली. तरी संक्रांत आली की तो पुन्हा हातोहात विकला जातो. मांजाने गळा कापला तर दोरा हिसकून काढू नका. दोन्ही बाजूंनी कापा आणि जखमेवर दाबा. त्या दिवसांत दुचाकीवर गळ्याभोवती मफलर गुंडाळा आणि मुलाला पेट्रोलच्या टाकीवर बसवू नका. दुसरे कारण चाकात अडकलेला पदर किंवा ओढणी. क्षणात गळफास बसतो, बाई मागे फेकली जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी आवश्यक केली आहे. गाडी दिसायला बरी वाटते म्हणून कित्येक जण ती काढून टाकतात. आपल्या आईला, बहिणीला मागे बसवणाऱ्या प्रत्येकाने घरी गेल्यावर ती जाळी जागेवर आहे का ते पाहावे.

चेहऱ्याच्या जखमेत पहिला विचार श्वासाचा. शुद्धीवर असलेल्या माणसाला उताणे झोपवू नका. रक्त घशात जाते. त्याला पुढे झुकून बसू द्या आणि रक्त थुंकू द्या. जबडा तुटला तर जीभ मागे पडू शकते, म्हणून बेशुद्ध माणसाला कुशीवर ठेवा आणि तोंडातले दात, रक्त बोटाने बाहेर काढा. नाकातून रक्त येत असेल तर नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून मान पुढे करून दहा-पंधरा मिनिटे थांबा. मान मागे करायची जुनी सवय चुकीची आहे. पण डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखे पातळ रक्त आले तर नाक दाबून धरू नका. डोळ्याला जखम असेल तर त्यावर अजिबात दाब नको. कागदी पेला उलटा ठेवून चिकटवा. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता वरच्या भागाने उचला, दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्या. तो पुन्हा रुजू शकतो.

कावसजीच्या कपाळावरची कातडी एका चिंचोळ्या पट्ट्यावर जगली, कारण चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून लोंबकळणारा ओठ, कानाची पाळी, गालाची कातडी कापून फेकू नका. ती जागेवर ठेवून ओलसर स्वच्छ फडके लावा. तुटून वेगळा झालेला कान किंवा बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. मांस थेट बर्फाला लागू देऊ नका.

आपल्याकडे जखमेत काय काय भरतात ते आपण सगळे जाणतो. हळद, चहाची पूड, चुना, तंबाखू, काजळी. वसमतची हळद देशभर जाते आणि स्वयंपाकघरात तिचा मान मोठा आहे. पण बाजारातून आलेल्या भुकटीत माती असते, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि टाके घालण्याआधी डॉक्टरला ती भुकटी खरवडून काढावी लागते. काजळीचे तर चेहऱ्यावर कायमचे काळे डाग राहू शकतात. जखमेत कापडाशिवाय काही घालू नका. कुत्र्याने तोंडाला चावा घेतला तर मात्र वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. नुसती लस पुरत नाही. जखमेच्या आत आणि भोवती द्यायचे रेबीजचे तयार प्रतिद्रव्यही लागते. चेहरा मेंदूच्या जवळ आहे, उशीर परवडत नाही.

रक्त गेलेला माणूस पाणी मागतो. आपल्या संस्कृतीत पाणी नाकारणे पाप वाटते, तरी त्याला पाणी, चहा देऊ नका. उलटी होऊन ती श्वासात जाऊ शकते आणि भूल देण्यात अडचण येते. त्याऐवजी त्याला पांघरूण घाला. वैशाखाच्या उन्हातही त्याचे अंग गार पडते, आणि गार पडलेल्या अंगात रक्त गोठायला वेळ लागतो. तो अस्वस्थ झाला, घामाघूम झाला, नाडी जलद आणि बारीक लागली, तर दिसत नसले तरी रक्त जाते आहे असे समजा.

इथे आपल्या ग्रामीण रुग्णालयांसाठी एक मागणी आहे. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दांपत्याने १९६० च्या दशकात पुढे आणले. २०१० साली ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रक्तस्रावात हे औषध लवकर दिले तर मृत्यू कमी होतात, पण तीन तास उलटल्यावर दिले तर उलट अपाय होऊ शकतो, असे दिसून आले. औषध स्वस्त आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. धर्माबाद, उमरी, बिलोली, नायगावहून नांदेडला पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक गंभीर रक्तस्रावाच्या जखमीला त्याचा पहिला डोस इथेच मिळाला पाहिजे. तीन तासांतला मोठा भाग रस्त्यातच जातो, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त ठाऊक?

आणि लोकांच्या भीतीबद्दल. ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणून माणसे गाडी थांबवत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले की सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने जखमीवर आधी उपचार केले पाहिजेत, कागदपत्रे नंतर. ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. निःस्वार्थ मनाने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून चूक झाली तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-गाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजना आहे. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्त्यावर १५ हजारांहून अधिक माणसे गेली. कायद्याने आपल्या बाजूचे काम केले आहे. आता थांबायची आणि हात लावायची जबाबदारी आपली आहे.

म्हणून या व्याख्यानातून धर्माबादने एक काम उचलावे. मिरचीच्या हंगामात मोंढ्यात शेकडो हमाल, गाडीवाले, मापाडी, आडतीवरचे मुनीम एकत्र असतात. त्यांच्यापासून सुरुवात करा. मग ऑटोचालक, बसस्थानकावरचे कर्मचारी, आशाताई, आणि प्रत्येक शाळेतले नववीचे वर्ग. शिकवायला अर्धा दिवस पुरतो. साहित्य म्हणजे सुती कापडाच्या घड्या, रुंद पट्ट्या, एक कात्री, एक पेन, हातमोजे. रक्तातून आजार येऊ नयेत म्हणून हातमोजे हवेत. नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घालून दाबा. असा एक डबा मोंढ्यात, एक बसस्थानकावर, एक रेल्वे स्थानकावर, एक शाळेत लाल रंगात टांगून ठेवा आणि दर महिन्याला तपासा. गावातल्या रक्तदात्यांची गटवार यादी ग्रामीण रुग्णालयात द्या. आणि नायलॉन मांजा गावात विकला जाणार नाही, असा ठराव व्यापाऱ्यांनी स्वतः करावा.

शिकवायला मी येईन, माझे सहकारी येतील. पहिला वर्ग संक्रांतीच्या आधी व्हावा. त्यासाठी आज इथेच नावे नोंदवा आणि संयोजकांनी मोंढ्याशी बोलून तारीख ठरवावी, एवढीच माझी विनंती आहे.